मिस ज्युलीच्या स्वयंपाकघरातली क्रिस्टीन

'मिस ज्युली'चा विषय निघाला की गाडी कायम ज्युली आणि जाँ या दोघांवरच येऊन थांबते. उमरावाची मुलगी, बापाच्या हाताखालचा नोकर, मिडसमरची, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाची रात्र, कोण वर चढतंय आणि कोण खाली येतंय. बरोबरच आहे म्हणा, स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 1888 मध्ये हे नाटक लिहिलं ते याच झटापटीसाठी. पण मला त्यात सारखी दिसत राहते ती तिसरी, क्रिस्टीन, त्या घरातली स्वयंपाकीण, जिचं जाँशी जवळजवळ ठरलेलं आहे, आणि तिच्याबद्दल मला खूप दिवस लिहायचं होतं.

हे सगळं नाटक घडतं तिच्या स्वयंपाकघरात. आपल्या दिवाणखानी नाटकांत स्वयंपाकघर विंगेत असतं, तिथून कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन येणार, ठेवणार आणि परत आत जाणार. इथे काउंटचा, म्हणजे ज्युलीच्या बापाचा, दिवाणखानाच विंगेत आहे. काउंट स्वतः शेवटपर्यंत स्टेजवर येत नाही, त्याचे बूट तेवढे समोर ठेवलेले असतात, आणि त्याची घंटा वाजली की जाँच्या अंगातलं सगळं अवसान जातं. पडदा उघडतो तेव्हा क्रिस्टीन जाँसाठी काहीतरी परततेय, आणि शेजारी अजून एक उग्र वासाचं काहीतरी उकळतंय, ते ज्युलीच्या कुत्रीसाठी, कारण तिला फाटकावरच्या माणसाच्या कुत्र्यापासून दिवस गेलेत आणि बाईसाहेबांना ते नकोय. म्हणजे वरच्या घराची अब्रू सांभाळायचं काम पहिल्या मिनिटापासून क्रिस्टीनच्याच चुलीवर चाललंय.

पुढचा नाच जाँने तिला कबूल केलेला असतो. ज्युली येते आणि त्याला घेऊन जाते. क्रिस्टीनला विचारते तशी, पण त्या विचारण्याला नाही म्हणायची सोय कुठे असते, क्रिस्टीन एवढंच म्हणते की हे काय माझ्या हातात नाही, बाईसाहेब स्वतः विचारतायत म्हटल्यावर त्याला जावंच लागणार. मग दोघं गेल्यावर जवळजवळ संवादच नसलेला एक सीन आहे आणि माझ्या मते नाटकातला सगळ्यात भारी सीन तो आहे. लांबून व्हायोलिन ऐकू येतंय, ती त्या सुरावर गुणगुणत जाँचं ताट उचलते, धुते, पुसून कपाटात ठेवते, एप्रन काढते, छोटा आरसा काढून टेबलावर टेकवते, मेणबत्तीवर पिन गरम करून कपाळावरचे केस कुरळे करते. मग ज्युलीचा विसरलेला रुमाल तिला सापडतो, ती त्याचा वास घेते, आणि विचारात हरवल्यासारखी नीट घडी घालत बसते. ती चिडलीय का, तिला हेवा वाटतोय का, काही सांगितलेलं नाही, आणि ते सांगितलेलं नाही हेच मला फार आवडतं.

प्रस्तावनेत मात्र स्ट्रिंडबर्ग तिला दोन वाक्यांत निकालात काढतो. ती गुलाम, चुलीपुढे राहून राहून मंद झालेली, धर्म आणि नीतीने ठासून भरलेली. जाँ ज्युलीपेक्षा वरचढ का, तर तो पुरुष आहे, हेही तिथेच लिहून मोकळा होतो. मला हे वाचून खरंच त्रास होतो, कारण याची स्वतःची आई मोलकरीण होती, त्याने आत्मचरित्राचं नाव 'मोलकरणीचा मुलगा' असं ठेवलं. तरी कामवाल्या बाईत त्याला पुरुषाइतका माणूस दिसला नाही. नाटक लिहिताना मात्र दिसलाय, तो रुमालाचा सीन त्यानेच लिहिलाय ना.

आणि सकाळी तीच सगळं ठरवते. चर्चला जायच्या कपड्यात येते, ज्युली आणि जाँ रात्री एकत्र झोपले ते तिला कळतं, आणि तिची तक्रार जाँ गेला ही नाहीच, ज्या मालकांबद्दल आदर वाटत नाही त्यांच्या घरात राहायचं कसं, ही तक्रार आहे. हे लोकही आपल्यासारखेच निघाले तर आपण कशासाठी धडपडायचं, असा तिचा हिशोब. ती काही साध्वी नाही, वाण्या-खाटकाकडून आपला वाटा घेते, जाँ ते तिच्या तोंडावर बोलतो. पण तिचं जग मालक वर आणि आपण खाली यावरच उभं आहे, ते हललं तर तिच्याकडे उरतं काय? ज्युली तिला आपल्यासोबत चल म्हणून गयावया करते, हॉटेल काढू, तू स्वयंपाकघर बघ, म्हणजे पळून जायच्या स्वप्नातसुद्धा क्रिस्टीनची जागा चुलीपाशीच! क्रिस्टीन शांतपणे विचारते, यावर तुमचा स्वतःचा तरी विश्वास आहे का. आणि निघता निघता सांगते की काउंट यायच्या आत कोणाला घोडे द्यायचे नाहीत असं तबेल्यात सांगून जाते.

संपलं. ज्युलीची बाहेर पडायची वाट तिथे बंद होते. पुढे ज्युलीला जीव द्यायला वस्तरा जाँ देतो, हुकूमही तोच देतो, त्यामुळे चर्चा त्याचीच होते, पण दार लावलं ते घरातल्या सगळ्यात खालच्या बाईने, तिच्याकडे जेवढी पॉवर होती तेवढी वापरून, आणि ती वापरली मालकाच्या बाजूने. बाईने बाईची बाजू घ्यावी असं आपल्याला वाटतं, पण ज्युलीने आधल्या रात्री क्रिस्टीनची कुठली बाजू घेतली होती?

कोणी हे नाटक मराठीत बसवत असेल तर कळकळीने सांगते, तो क्रिस्टीनचा सीन वेळ वाचवायला कापू नका. क्रिस्टीनचं काम ज्युलीइतकीच ताकदीची नटी बघून द्या, आणि ताट खरंच धुवायला लावा.