संचयिकेचे चार रुपये

स्मरणिकेसाठी ‘शाळेने दिलेली शिदोरी’ या विषयावर लिहा, असा निरोप आला. माझ्या शिदोरीत पाढे आहेत, लंगडी आहे, मराठीच्या बाईंचा ‘कर्ता ओळखा’ हा कायमचा धोशा आहे. पण निवृत्तीनंतर जी वस्तू पुन्हा पुन्हा हाताला लागते ती वेगळीच आहे. शाळेने मला ‘पाप’ हा शब्द दिला. संपादकांनी घाबरू नये.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतर, आम्हा ख्रिस्ती मुलांची रांग देवळाकडे निघायची, पापनिवेदनाला, म्हणजे जाळीपलीकडे बसलेल्या फादरांपुढे आपली पापे कबूल करायला. आजी त्याला कुमसार म्हणायची. बाकीची मुले आमच्याकडे हेव्याने बघत, कारण आमचा गणिताचा तास बुडे. खिशात पापांची यादी असे: खोटे बोललो, आईला उलट बोललो, दुसऱ्याच्या वाडीतले पेरू काढले. एकाने तर घाईघाईत माझ्याच यादीची नक्कल केली होती. ते पाप त्याने कितव्या क्रमांकावर घातले, कोण जाणे.

आठवीत माझ्याकडे संचयिकेची, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या बचत योजनेची, वही आणि पेटीची किल्ली होती. मुले दहा-दहा पैसे जमा करत, मी नोंदी करी. जत्रेच्या आठवड्यात मी चार रुपये काढले आणि वहीत बेरीज जुळवून टाकली. त्या गुरुवारी जाळीपलीकडे आपले मुख्याध्यापक फादरच बसले होते. ते आवाज ओळखणार हे मला ठाऊक होते. मी पेरूंपासून सुरुवात केली आणि शेवटी, अगदी हळू, म्हणालो, “पेटीतले पैसे कमी झाले.” पलीकडून विचारणा झाली, “आपोआप?” मग म्हणालो, “मी घेतले.” आधी पैसे परत ठेव, मग रोझरीची जपमाळ, असे प्रायश्चित्त मिळाले.

ते चार रुपये मी काकांच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडून फेडले. तीन रविवार लागले. रविवारी काम करणे हेही पापच, पण ते मी यादीत घातले नाही.

पापनिवेदनाच्या दुसऱ्याच दिवशी, पैसे फिटायच्या आधीच, फादरांनी नेहमीसारखी किल्ली माझ्या हातात दिली आणि पावसाविषयी काहीतरी बोलले. केवढा विश्वास, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. पुढे कळले की पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट बाहेर बोलायची तर नाहीच, पण कारभारातही वापरायची नाही, असा चर्चचा नियम आहे. तेवढ्यावरून माझ्याकडून किल्ली काढून घेणे त्यांना वर्ज्यच होते. हे कळल्यावर मी थोडा खट्टू झालो. पण पावसाविषयी बोलायला तर कोणत्याही नियमाने सांगितले नव्हते.

नंतर चौतीस वर्षे बँकेत गेली. तिथे पाप नसते, अनियमितता असते. ती कोणी करत नाही, ती ‘आढळते’. बाईंच्या पद्धतीने कर्ता ओळखायला गेले तर अनियमितता हीच कर्ता निघते. असे अहवाल मीही शेकड्यांनी लिहिले. आता सगळीकडेच तीच भाषा आहे. नाती तुटतात, पैसे वळते होतात, शब्द निसटतात. पापाला मात्र कोणीतरी करणारा लागतो, आणि करणारा असेल तरच परत करणाराही सापडतो. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत करीन म्हटले, ते ‘मी’ म्हणूनच.

अर्थात आपल्या त्या यादीचे कौतुक मला अर्धेच आहे. मुलींचे बाहीशिवायचे झगे, मॅटिनी शो, शुक्रवारचे मटण, यांवर केवढे प्रवचन व्हायचे! त्याच वर्षांत वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जात होते, विहिरी खाऱ्या होत होत्या, आणि ते कोणाच्याच यादीत नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा आमच्या घरातही कुजबुज झाली की फादरांनी देवळात बसावे, जमिनीत कशाला पडावे. वास्तविक १९७० च्या नव्या मिस्सापासून, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या नव्या विधीपासून, आपण सगळेच दर रविवारी छाती पिटून कबूल करत होतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्यात कसूर करूनही पाप केले. आजीच्या लॅटिन कबुलीत हे शेवटचे नव्हते.

आमच्या घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, होते. त्यावर रहाट, त्या पाण्यावर केळी आणि पानवेल. आम्ही तिघा भावांनी इमारतीसाठी ते मातीने भरले. मोबदल्यात मला दोन फ्लॅट मिळाले. त्यानंतर मी किती वेळा पापनिवेदनाला गेलो असेन, पण हे कधी सुचलेच नाही. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली आणि आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आले. नेमके जुन्या बावखलाच्या जागी.

पुढच्या तपकाळात, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, पापनिवेदनाला गेलो. फादर माझ्या मुलापेक्षा लहान. मी सुरुवात केली, “घरामागचे बावखल बुजवले गेले.” ते थांबले आणि म्हणाले, “कोणी?”

मी देवळातच हसलो. मग सांगितले.

बावखल पुन्हा खणता येत नाही, वर पाच मजले आहेत. कोपऱ्यातली जुनी विहीर तेवढी शिल्लक आहे. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडण्याचा खर्च मी देतो, असे सोसायटीच्या सभेत तीनदा मांडले. दोनदा विषय पुढे ढकलला, तिसऱ्यांदा कोरम नव्हता. पुढची सभा मेअखेरीस आहे.