जयगावपर्यंत चालणारी नोट

पाकीट साफ करायला घेतलं की ती नोट दर वेळी सापडते आणि दर वेळी मी ती परत आत ठेवतो. शंभराची. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला थिंफूचा किल्ल्यासारखा झोंग. भूतानची नोट, म्हणजे शंभर नूलट्रम. किंमत बरोब्बर शंभर रुपये, पैशाचाही फरक नाही. पण अमरावतीत तिचा उपयोग पुस्तकात खूण म्हणून ठेवण्यापुरता.

गंमत अशी, की आपला रुपया तिकडे राजरोस चालतो. भाजीवाली घेते, हॉटेलवाला घेतो. २०२१ पासून भीम ॲपही चालतं. त्यांचं नूलट्रम मात्र सीमेवरच्या फुंटशोलिंग गावाची वेस ओलांडून आपल्या, बंगालमधल्या जयगावच्या बाजारात उतरतं, तिथल्या दुकानांत थोडं फिरतं आणि हासिमारा स्टेशनच्या आसपास त्याचा दम संपतो. लग्न झालेल्या बहिणीला माहेरी मान आणि भावाला तिच्या सासरी नुसता चहा, तसलाच हा व्यवहार.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही गेलो होतो. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंतचा 'घो' घातलेला, गालात कायम 'दोमा', म्हणजे चुना लावलेलं पान आणि ओली सुपारी. हिंदी आमच्यापेक्षा बरं बोलायचा. पारोच्या रस्त्यावर त्याने विचारलं, तुमच्या गावात माणसं किती? म्हटलं, मागच्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या जवळ होतो, आता जास्तच. त्याने आरशातून पाहिलं नि हसला. "आपका एक शहर, हमारा पूरा देश!" खोटं नव्हतं. २०१७ च्या गणतीत भूतान भरला ७ लाख २७ हजार. जागा मात्र अमरावतीसारखे तीन जिल्हे बसतील एवढी, आणि त्यातही साठ टक्के जंगल राखायचं हे थेट राज्यघटनेत लिहिलेलं. मग त्याने विचारलं, "वहाँ राजा है क्या?" म्हटलं, राजा नाही, प्रशासक आहे. आमच्या महापालिकेच्या निवडणुका तेव्हा रखडल्या होत्या, हे त्याला समजावता समजावता पारो आलं.

जेवायला 'एमा दात्शी'. मिरची आणि चीज. मिरची चवीला नव्हे, मिरची हीच भाजी! भिवापुरी मिरचीवर वाढलेला माणूस मी, ठेच्याचा अभिमान बाळगून गेलो होतो. दुसऱ्या घासाला अभिमान उतरला. छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, अगदी आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर असतात तशा. पण एवढ्या मिरच्या पुऱ्या पडत नाहीत. डाळ, तेल, गाड्या, पेट्रोल यांच्यासारखी मिरचीही भारतातून येते. मध्ये औषधांच्या फवाऱ्यावरून तिला बंदीसुद्धा झाली होती.

आता हे सगळं आणायला रुपये लागतात. नूलट्रम ते छापू शकतात, रुपया कसा छापणार? २०१२ साली तिथे रुपयांचाच दुष्काळ पडला होता, गाड्यांची आयात थांबवावी लागली. मग रुपये मिळवायचे कसे, तर नद्यांतून. चुखाचा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॅटचा, तालाचा १,०२० मेगावॅटचा. पावसाळ्यात नद्या फुगतात तेव्हा वीज आपल्याला विकायची, आणि हिवाळ्यात पाणी आटलं की आपल्याकडूनच विकत घ्यायची. सुगीत ज्वारी अडत्याला घालून चैत्रात तीच पायलीने आणणारे शेतकरी मी पाहिलेत. नदीकाठी उभं राहिल्यावर मला तेच आठवलं, बाकीचे लोक फोटो काढत होते.

आमच्या ग्रुपमध्ये खरी चर्चा वेगळीच. माणशी रात्रीला १,२०० रुपये प्रवेशशुल्क! "हवा खायचे पैसे घेतात," असं एक काका रोज नाश्त्याला म्हणायचे. परक्या देशांतल्या लोकांना डॉलरमध्ये याच्या कितीतरी पट पडतात, हे सांगूनही त्यांचं समाधान झालं नाही. देशाची प्रगती लोकांच्या आनंदावरून मोजायची, या त्यांच्या मोजमापाबद्दल गाईड बोलायला लागला की तेच काका डोळे मिटून घेत. खरं सांगायचं तर मीही.

कारण एवढ्याशा देशात माणूस मोजणं हेच मोठं नाजूक काम. नव्वदच्या सुमारास एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोक तिथून बाहेर पडले, पाडले गेले, पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिले आणि पुढे बरेचसे अमेरिकेला गेले. आजही जेमतेम सात लाखांच्या देशातून एक लाख! आनंदाच्या तक्त्यात ही ओळ कुठे लिहितात, हे गाईडला विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि आता जाणारे आपणहून जातायत. ड्रायव्हरची मुलगी नर्स, ती पर्थला. भाचा शाळामास्तर, तोही पर्थला. "थिंफू में अब पर्थ का टाइम सबको मालूम है," म्हणाला. आमच्याकडची पोरं पुण्याला जातात तेव्हा अमरावतीला काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी रिक्षा तेवढ्याच भरलेल्या. तिथे एका वॉर्डातली नर्स गेली की वॉर्डाला कळतं. निरोप घेताना त्याने मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. किरा नेसलेली, मागे समुद्र. समुद्र त्याने स्वतः अजून पाहिलेला नाही.

परवा राजकमल चौकात पानवाल्याला घाईत तीच नोट दिली गेली. त्याने उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"हे कुठली नोट व्हय भाऊ?"

"भूतानची."

"चालते का?"

"जयगावपर्यंत."

जयगाव कुठं आलं ते त्याने विचारलं नाही. "तिकडं पान खातात का लोकं?" एवढंच विचारलं. खातात म्हटल्यावर खूश होऊन त्याने ती गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवली, आणि पानाचे वीस रुपये वेगळे मागितले.