धुळीचे आकडे सांभाळायची नोकरी

आमचं गाव वणी तालुक्यातलं. कोळशाचे ट्रक गेले की फुटलेल्या बोंडांवर काळी पूड बसते आणि व्यापारी तिच्याकडेच बोट दाखवून कापसाचा भाव पाडतो. त्यामुळे हवेतल्या धुळीवर काम करतो म्हटलं तर गावात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दुसऱ्यांनी मोजलेल्या धुळीचे आकडे सांभाळायला मी नॉर्वेत राहतो याचं. "एवढंच करायचं होतं तं तहसीलीत लागला असता ना बे," असं बाबा म्हणाले होते.

ओस्लोच्या बाजूला शेलर नावाचं ठिकाण आहे. तिथल्या निलू या हवेवर संशोधन करणाऱ्या संस्थेत हवेच्या नोंदींचा 'ईबास' हा डेटाबेस चालतो आणि जागतिक हवामान संघटनेचं एरोसॉल डेटा केंद्रही तिथेच आहे. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरल्या झेपेलिन डोंगरापासून आपल्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरपर्यंतच्या नोंदी त्यात आहेत.

एरोसॉल म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. धूळ, धूर, काजळी, समुद्राचं मीठ, सगळं त्यात आलं. कार्बन डायऑक्साइड हवेत टिकतो, जगभर मिसळतो, म्हणून हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर मोजला तरी साऱ्या जगाचा अंदाज येतो. हे कण मात्र साधारण आठवडाभरात पावसाबरोबर खाली येतात, त्यामुळे वणीचा आकडा वरोऱ्याला चालत नाही.

बाबांना हे पर्जन्यमापकावरून पटलं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पण मापक मंडळाच्या गावी आणि ढग फुटतो आपल्या वावरात. "त्याच्यावर झाडाची फांदी आहे का, साडेआठले वाचला का बाबू आल्यावर, हे मालूम नसलं तं त्या आकड्याले काय चाटाचं?" माझी नोकरी नेमकी हीच आहे.

ईबासची फाइल उघडली की पहिल्या आकड्याआधी ओळीच्या ओळी माहितीच असते. यंत्र कोणतं, हवा ओढणारी नळी किती उंचीवर, आत घेतलेली हवा वाळवली होती का (आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवावी असा संकेत आहे), एकक कोणतं. वेळ सगळ्यांनी जागतिक प्रमाणवेळेत लिहायची. हे विसरलं की संध्याकाळी साडेसहाचा चुलीचा धूर दुपारी एकला निघतो! यंत्र बंद असेल तिथे शून्य लिहायचं नाही, नऊचे आकडे ओळीनं भरायचे. एखाद्या नवशिक्यानं तेही सरासरीत धरले की स्वालबार्डची हवा दिल्लीपेक्षा घाण ठरते.

मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे. हवा मोजायच्या ठिकाणाशेजारी कुणी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि आकडा एकदम चढला, तर तो खोडायचा नाही. बाजूला खुणेचा कोड टाकायचा. स्वच्छ हवेचा अभ्यास करणारा तो वगळेल, धुराचा अभ्यास करणारा नेमका तोच शोधत येईल.

वर्षानुवर्षं डोंगरावर फिल्टर बदलणाऱ्यानं आपली नोंद फुकट का द्यावी, हे भांडणही जुनं आहे. आता कुणीही डेटा वापरावा, पण मोजणाऱ्याचं नाव द्यावं, अशी परवान्याची अट असते. यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून ती जर्मनीत लाइपझिगला नेऊन, एकाच खोलीत, एकाच हवेवर चालवून पाहतात.

हे सगळं ऐकल्यावर बाबांनी ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर एक यंत्र बसवायचं मनावर घेतलंय. स्वस्तातले सेन्सर मिळतात, पण पावसाळ्यात ओल धरून कण फुगतात आणि सेन्सर पाण्यालाही धूळच समजतो. आधी काही महिने ते एखाद्या चांगल्या यंत्राशेजारी चालवून पाहावं लागेल. शिवाय ट्रक किती गेले, कुणाच्या धुऱ्यावर काय जळलं, लाइन कधी गेली, हे रोज लिहिणारा माणूस लागेल, असं मी सांगितलं. सेन्सर अजून विकतही घेतलेला नाही, पण त्या जागेसाठी दोघंतिघं तयार आहेत. मानधन किती, एवढंच त्यांनी विचारलंय.