आजोबांची चीनची हदीस

मी हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या कथनांचा, अभ्यास करते हे कळलं की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच. "पैगंबर गेले 632 साली. हदीसांचा संग्रह करणाऱ्या बुखारींचा ग्रंथ नवव्या शतकातला. मधल्या दोनशे वर्षांत ऐकीव गोष्टींचं काय काय झालं असेल! मग ते खरं कशावरून?" विचारणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, हल्ली आमच्या घरातली तरुण मुलंही असतात. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

आधी एक दुरुस्ती. लिहिण्याची सुरुवात बुखारींपासून झाली नाही. मदिनेचे इमाम मालिक 795 साली वारले, बुखारींच्या जन्माआधी पंधरा वर्षं, आणि त्यांचा 'मुवत्ता' हा हदीससंग्रह आजही वाचला जातो. त्याच्याही मागे जाता येतं. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचा एक शिष्य होता, हम्माम इब्न मुनब्बिह. त्याच्या नावावर 138 हदीसांची एक छोटी वही आहे. मूळचे हैदराबादचे विद्वान मुहम्मद हमीदुल्लाह यांनी तिची हस्तलिखितं बर्लिन आणि दमास्कसमध्ये शोधून 1950च्या दशकात छापली. ही हस्तलिखितं नंतरच्या शतकांतली आहेत, हे खरं. पण 855 साली वारलेल्या अहमद इब्न हंबल यांच्या 'मुसनद' या हदीससंग्रहात हीच वही उतरवलेली आहे, आणि दोन्ही पाठ शेजारी ठेवले तर फरक किरकोळ निघतात. शेकडो वर्षं दोन वेगळ्या वाटांनी आलेला मजकूर असा जुळतो, तेव्हा 'ऐकीव' हा शब्द मला अपुरा वाटतो.

तरी माझा विश्वास या वहीवर उभा नाही. तो उभा आहे एका सवयीवर. हदीसचे दोन भाग असतात. मत्न म्हणजे मजकूर, आणि त्याआधी सनद: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला अमुक सहकाऱ्याने. मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या विद्वानांनी, आयुष्यं घालवली ती या सनदेवर. सनदेतला प्रत्येक रावी, म्हणजे सांगणारा, कुठे जन्मला, कुणाला भेटला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, म्हातारपणी ती ढासळली का आणि कधी ढासळली. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचंच घ्या. त्यांचे कागद जळाले आणि पुढे ते आठवणीतून सांगताना चुकू लागले, अशी नोंद आहे. म्हणून पुष्कळ विद्वानांनी त्यांच्या शिष्यांची विभागणी केली: आधी ऐकलेले कोण, नंतर ऐकलेले कोण. पहिल्यांचं जास्त धरायचं, दुसऱ्यांचं जपून. एका माणसाच्या हयातीतला असा बारीक हिशेब मी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात पाहिलेला नाही.

यात नातंही आड येऊ दिलं नाही. बुखारींचे गुरू अली इब्नुल मदीनी यांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं गेलं; वडीलही हदीस सांगत. "दुसऱ्या कुणाला विचारा," ते म्हणाले. लोकांनी पुन्हा विचारलं. त्यांनी मान खाली घातली, मग वर करून म्हणाले, हा दीनचा, धर्माचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत. जईफ म्हणजे भरवशाला कच्चे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कारण माझ्याही घरात एक हदीस होती. आम्ही भिवंडीचे. आजोबा उर्दू शाळेत शिक्षक होते. दर जूनमध्ये माझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते निळ्या शाईने लिहायचे: 'ज्ञान मिळवा, मग ते चीनमध्ये का असेना, कारण ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे.' फर्ज म्हणजे धार्मिक कर्तव्य. मी शिकत राहिले ती या ओळीच्या जोरावर. पुढे रावींचे कोश हातात आले आणि या ओळीच्या सनदेत अबू आतिका नावाचा माणूस भेटला. बुखारींनी त्याला 'मुनकरुल हदीस' म्हटलंय, म्हणजे त्याचं कथन घेण्याजोगं नाही. विद्वान इब्नुल जौझींनी तर ही हदीस बनावट हदीसांच्या संग्रहात घातली.

मग मी भिवंडीच्याच एका ग्रंथाकडे वळले. दमास्कसचे अल-मिज्जी यांनी सव्वीस वर्षं खपून 1322 साली 'तुहफतुल अशराफ' पुरा केला. प्रमुख सहा संग्रहांतल्या हदीसांची ही सूची आहे. आधी सहकाऱ्याचं नाव, त्याखाली त्याच्याकडून ऐकणाऱ्यांची, मग हदीसचे सुरुवातीचे शब्द आणि ती कुठल्या ग्रंथात कुठल्या सनदेने आली, ते. साडेएकोणीस हजारांहून जास्त नोंदी. हे प्रचंड काम अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी संपादित केलं आणि 1965पासून ते खंडाखंडाने छापून निघालं ते आमच्या भिवंडीतून. मागांच्या खडखडाटासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचं नाव अरबी अक्षरांत शीर्षकपानावर आहे. गावातल्याच किती जणांना हे माहीत आहे?

त्यात चीन सापडलं नाही. सहा संग्रहांत ते नाहीच. पण पैगंबरांचे सहकारी अनस इब्न मालिक यांच्या नावाखाली ओळीचा उत्तरार्ध मिळाला: ज्ञान मिळवणं फर्ज आहे. तो इब्न माजा यांच्या संग्रहातला. त्याच्याही सनदेत एक कच्चा दुवा आहे, हफ्स इब्न सुलैमान. जगात बहुतेक ठिकाणी कुराण पढलं जातं ते याच हफ्सच्या पठणानुसार. पठणात इमाम, हदीसमध्ये अविश्वसनीय. दोन्ही शेरे एकाच माणसावर, आणि एकामुळे दुसरा खोडलेला नाही. मात्र हा उत्तरार्ध इतरही अनेक सनदींनी आला आहे, आणि त्या सगळ्या मिळून तो 'हसन', म्हणजे स्वीकारण्याजोगा ठरतो, असं खुद्द मिज्जींचं मत नंतरच्यांनी नोंदवून ठेवलंय.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजोबांना सांगितलं. घसा कोरडा पडला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "सनदेत कोण आहे?" मी अबू आतिकाचं नाव सांगितलं, बुखारींचा शेरा सांगितला, इब्न माजांची ओळ वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती स्वतः वाचली.

पुढच्या जूनमध्ये माझ्या भाचीची नवी वही त्यांच्याकडे आली. निळ्या शाईत त्यांनी एवढंच लिहिलं: 'ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे.' आणि खाली, बारीक अक्षरांत: इब्न माजा, अनस यांच्याकडून.