काउंट वाढला, पण पेशी पोचल्या का?

सीबीसी या रक्तचाचणीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा १५,००० दिसला की 'इन्फेक्शन' हा शब्द लगेच तोंडी येतो. आकडा खोटा नसतो. पण शिरेतून काढलेल्या रक्तात त्या वेळी किती पेशी वाहत होत्या, एवढंच तो सांगतो. दाह घडतो ऊतींत. पेशी वाहिनीची भिंत ओलांडते की नाही, पलीकडे काय करते आणि कधी थांबते, हे सिग्नलिंगवर, म्हणजे पेशीला मिळणाऱ्या रासायनिक संदेशांवर, ठरतं आणि ते काउंटमध्ये दिसत नाही.

रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी (जंतूंशी आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण निम्म्या तर मुख्य प्रवाहात नसतातच. त्या लहान वाहिन्यांच्या भिंतीलगत रेंगाळतात आणि सुईत येत नाहीत. जोराचा व्यायाम झाला किंवा अ‍ॅड्रेनालिन वाढलं की त्या भिंत सोडतात आणि काउंट चढतो. स्टेरॉइडनेही हेच होतं, शिवाय अस्थिमज्जेतून जास्त पेशी बाहेर येतात आणि ऊतींत शिरणाऱ्या कमी होतात. म्हणजे काउंट वाढलेला आणि जंतूंपर्यंत पोचणाऱ्या पेशी घटलेल्या, दोन्ही एकाच वेळी. अशा वेळी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. बँड पेशी (अपक्व न्यूट्रोफिल) आणि टॉक्सिक ग्रॅन्युल्स (पेशींतले गडद कण) नुसत्या स्टेरॉइडने सहसा फारशा वाढत नाहीत.

आता भिंत ओलांडण्याबद्दल. इजा झाली की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि वाहिनीच्या आतल्या थरातल्या पेशी साठवणीतलं पी-सिलेक्टिन हे पेशी पकडणारं प्रोटीन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने तयार करावं लागतं. टीएनएफ किंवा आयएल-१ या दाहाच्या संदेशांमुळे एनएफ-कॅपा-बी हे जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं होतं, जनुक वाचलं जातं, आणि ई-सिलेक्टिन भरात यायला ४ ते ६ तास लागतात. सिलेक्टिनचे बंध क्षणात जुळतात, क्षणात तुटतात, त्यामुळे पेशी भिंतीवरून घरंगळत जाते. ही गती कमी झाल्याशिवाय पुढचा संदेश तिला वाचताच येत नाही.

तो संदेश म्हणजे आयएल-८. हे केमोकाइन (पेशींना बोलावणारं रसायन) भिंतीवरच्या हेपरन सल्फेटला धरून बसतं. मोकळं असतं तर प्रवाहात वाहून गेलं असतं. न्यूट्रोफिलवरच्या सीएक्ससीआर-२ रिसेप्टरला ते चिकटलं की जीआय प्रोटीनमार्फत फॉस्फोलायपेज-सी चालू होतं, पेशीतलं कॅल्शियम वाढतं, रॅप-१ सक्रिय होतं, आणि टॅलिन व किंडलिन-३ ही प्रोटीन्स इंटेग्रिन या पकड घेणाऱ्या प्रोटीनच्या आतल्या शेपटीला जोडली जातात. वाकून बसलेलं इंटेग्रिन ताठ होतं आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ ला घट्ट धरतं. घरंगळणारी पेशी जागच्या जागी थांबते. संदेश बाहेरून आत गेला आणि आतून पुन्हा बाहेर आला, तोही सेकंदांत. या सगळ्या विषयातला हा भाग मला सर्वात विलक्षण वाटतो.

याचं महत्त्व कळतं ते बिघाड झाल्यावर. एलएडी-१ या जन्मजात आजारात इंटेग्रिनचा सीडी-१८ हा भागच नीट बनत नाही. बाळाचा काउंट प्रचंड वाढलेला, नाळ गळायला ३-४ आठवड्यांहून उशीर, वारंवार संसर्ग, आणि जखमेत पू नाही. पू नाही कारण न्यूट्रोफिल तिथे पोचतच नाहीत. एलएडी-३ मध्ये तर इंटेग्रिन असतं, पण किंडलिन-३ नसल्याने ते ताठ होत नाही. इथेच निदान हुकतं: फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रोटीन्स मोजणारी चाचणी) सीडी-१८ व्यवस्थित दिसतं आणि शंका मिटल्यासारखी वाटते. चित्र एलएडीचं आणि जोडीला रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल, तर किंडलिन-३ बनवणाऱ्या एफईआरएमटी-३ जनुकाची तपासणी करावीच, कारण प्लेटलेटच्या इंटेग्रिनलाही किंडलिन-३ लागतं.

पलीकडे गेल्यावर दिशा ठरते रसायनाच्या तीव्रतेच्या चढावर. पुढच्या आणि मागच्या टोकांवरच्या रसायनात १-२ टक्क्यांचा फरक असला तरी न्यूट्रोफिलला तो कळतो. पुढे रॅक हे प्रोटीन अ‍ॅक्टिनचा सांगाडा ढकलतं, मागे ऱ्हो आकुंचन घडवतं. अनेक संदेश एकत्र आले तर जंतूंचे फॉर्मिल पेप्टाइड आणि सी-५-ए (रक्तातल्या संरक्षक प्रोटीनचा तुकडा) हे आयएल-८ वर मात करतात. नाहीतर पेशी भिंतीजवळच घुटमळली असती. आपल्या मायटोकॉन्ड्रियातूनही फॉर्मिल पेप्टाइड निघतात, म्हणून जंतूविना झालेल्या मोठ्या इजेतही न्यूट्रोफिल तितक्याच जोमाने धावतात.

प्रयोगशाळेत हे मोजताना ३ मायक्रॉन छिद्रांचा पडदा वापरतात आणि खाली एफएमएलपी (एक फॉर्मिल पेप्टाइड) टाकतात. १० नॅनोमोलरच्या आसपास पेशी छान उतरतात. जास्त घातलं तर जास्त उतरतील असं वाटतं, पण १ मायक्रोमोलरला आकडा पडतो: सगळे रिसेप्टर भरले की चढ उरत नाही, आणि रिसेप्टर आत ओढले जातात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच रसायन ठेवलेला एक कप्पा (वेल) हवाच. तिथेही पेशी खाली आल्या तर ती दिशाहीन हालचाल आहे. बफरमध्ये एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या आवरणातलं विष) अंश असला तर पेशी आधीच चेतवलेल्या असतात, आणि मग सुपरऑक्साइडचे (जंतू मारायला पेशी सोडतात ते रसायन) आकडे फुगलेले येतात.

थांबवणारी यंत्रणा संदेशातच असते. जीआरके हे एन्झाइम रिसेप्टरवर फॉस्फेट लावतं, बीटा-अरेस्टिन त्याला गप्प करतं. एनएफ-कॅपा-बी स्वतःला अडवणारं आय-कॅपा-बी-अल्फा आणि ए-२० बनवायला लावतं. विम सिंड्रोम या जन्मजात आजारात बहुधा सीएक्ससीआर-४ या रिसेप्टरची शेपटी तुटकी असल्याने हा ब्रेक लागत नाही. 'मज्जेतच थांब' हा संदेश चालूच राहतो आणि रक्तातले न्यूट्रोफिल घटतात. शेवटी काम झालेल्या पेशी ठरवून मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि आयएल-१०, टीजीएफ-बीटा हे दाह शमवणारे संदेश सोडतात. नव्या पेशी येणं ओसरतं.

औषधाने एखादा दुवा तोडला की तपासण्यांचा अर्थही बदलतो. यकृत सीआरपी (दाहात वाढणारं प्रोटीन) बनवतं ते मुख्यतः आयएल-६ या संदेशाच्या सांगण्यावरून. टॉसिलिझुमॅब हे औषध आयएल-६ चा रिसेप्टरच अडवतं. अशा रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी जवळजवळ नॉर्मल राहू शकतो, तापही फारसा चढत नाही. तिथे 'सीआरपी नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवू नये. श्वासाची गती, ऑक्सिजन, एक्स-रे आणि कल्चर यांवर निर्णय घ्यावा.