पाच नंबरचं घर सापडलं नाही

लंडनला ताईकडे आठ दिवस होते, त्यातली एक दुपार मी फक्त एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफर लेडी क्लेमेंटिना हॉवर्डनसाठी राखून ठेवली होती. साऊथ केन्सिंग्टन स्टेशनातून त्या लांबलचक भुयारातून चालत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम गाठलं आणि थेट फोटोंच्या दालनात गेले.

प्रिंट तपकिरी झाक असलेला, वहीच्या पानाएवढा. खिडकीशी उभी एक मुलगी, घेरदार झगा, बाजूला उंच आरसा आणि एका अंगानेच येणारा उजेड. मी किती वेळ उभी होते कोण जाणे! त्या काळात खानदानी बायका स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभ्या राहायच्या, आणि ही बाई स्वतःच उमरावाची बायको, घरचा पहिला मजला रिकामा करून आपल्याच मुलींचे फोटो काढत होती. तेही वेट कोलोडियनने, म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ती ओली आहे तोवर फोटो काढून धुवायचा, सगळं काही मिनिटांत, बोटं काळी व्हायची ती वेगळीच. आणि घरात आठ पोरं!

प्रिंटचे कोपरे फाटलेत. 1939 मध्ये तिच्या नातीने 775 फोटो म्युझियमला दिले, ते घरच्या अल्बममधून ओढून काढलेले, त्याच्याच त्या खुणा. मला तर ते फाटलेले कोपरेच जास्त जवळचे वाटले, आमच्या आजीच्या अल्बममधले फोटोही असेच डिंकासकट निघालेत.

मग चालत पाच मिनिटांवर प्रिन्सेस गार्डन्सला गेले, तिचं घर 5 नंबरचं. चौक आहे, झाडं आहेत, काही जुन्या पांढऱ्या इमारतीही आहेत, पण 5 नंबर पाडलाय. आजूबाजूला आता इंपीरियल कॉलेजची पोरं सायकली घेऊन फिरतात. खूप वाईट वाटलं, कारण फोटोतला तो उजेड ह्याच चौकातून आत यायचा ना.

1863 आणि 1864 ला तिला फोटोग्राफिक सोसायटीची रौप्यपदकं मिळाली आणि जानेवारी 1865 मध्ये न्यूमोनियाने गेली, अवघ्या 42 व्या वर्षी. प्रदर्शनात फोटो लावताना मुलींची नावं कधी द्यायची नाही, नुसतं 'अभ्यास' लिहायची.

रात्री ताईला त्या फोटोतल्या मुलीचं पोस्टकार्ड दाखवलं तर तिने पहिल्यांदा हेच विचारलं, हिचं नाव काय गं? क्लेमेंटिना, म्हटलं, आईचंच नाव.