महाद्वारासमोरची चार पावलं

वाखरीचा तळ हलला तसा आमच्या दिंडीचा आवाज चढला. आळंदीपासून सुमारे 250 किलोमीटर चालून आलेली माणसं, पायांना फोड, बोटांना बांधलेली फडकी, तरी बसायला कुणी तयार नाही. वेळापूरच्या अलीकडे धाव्याला उतारावरून सगळ्यांबरोबर पळालो होतो. तुकोबांना तिथून कळस दिसला आणि ते पंढरीच्या ओढीनं धावत सुटले, असं सांगतात. पळताना डोळे भरून आले होते, आणि वारीतला सर्वांत मोठा क्षण हाच, असं मला वाटलं होतं. ही माझी पहिली वारी, त्यामुळे पंढरपूर काय दाखवणार आहे याची कल्पना नव्हती.

एकादशीला पहाटे अंधारातच चंद्रभागेवर गेलो. पाण्यात पुंडलिकाचं मंदिर, काठावर कपडे सांभाळत बसलेली म्हातारी माणसं, आणि गर्दीतून एकसारखं ‘माउली, माउली’. मग दिंडीबरोबर नगरप्रदक्षिणा. पंढरपूरच्या जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की पखवाजाची थाप भिंतीवर आपटून परत छातीवर येते. जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर बायका दाटीवाटीनं उभ्या, खाली टाळकरी, पताका एकमेकींत अडकलेल्या. चौफाळ्यापाशी तर पाय उचलायची गरजच पडली नाही, गर्दीनंच पुढे नेलं.

दर्शनाची बारी पार गोपाळपूरच्या बाजूला गेलेली. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळस पाहिला, हात जोडले आणि त्यांची वारी पोचली. मला मात्र चुटपुट लागून राहिली. एवढं चालत आलो आणि पायावर डोकं ठेवायचं नाही? माझा चेहरा पाहून मावशी म्हणाल्या, “चल माझ्यासंगं.” मावशी परभणीकडच्या, नात्यातल्या कुणी नाहीत. आळंदीपासून डोक्यावर तुळस घेऊन माझ्या पुढच्या रांगेत चालत होत्या.

महाद्वारापाशी पोचलो. मी सवयीनं पाय उचलला तसा त्यांनी दंड धरला. “आरं लेकरा, पाय नको ठिवू. तिथं नामदेव हायेत.”

नामदेव पायरी. पितळेनं मढवलेली, बुक्क्यानं काळवंडलेली, वर तुळशीच्या माळांचा थर. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, आणि आज तिच्यावर पाय ठेवायला एक माणूस धजत नाही. सगळे वाकून हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. मीही लावला. इतक्या हातांच्या उबेनंही ते पितळ गारच होतं.

मग मावशी वळल्या. समोर, अगदी चार पावलांवर, चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले, ते साल 1338. नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातली ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि इथं आणली, असं वारकरी सांगतात. आणली ती दारापर्यंतच. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही, त्याच्या अस्थीही दाराबाहेरच राहिल्या. पुढे 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी याच पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले आणि मग हे दार सगळ्यांसाठी उघडलं.

मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. 609 वर्षं. आणि अंतर एवढंसं, की समाधीपाशी उभं राहून हाक मारली तर पायरीवर ऐकू जावी. अंगावर सरसरून काटा आला. अडीचशे किलोमीटरचं मला काही वाटेना, ही चार पावलं मात्र छातीत रुतून बसली.

मावशींनी डोक्यावरची तुळस उतरवली. तीन आठवड्यांच्या उन्हापावसात तिची पानं बारीक झाली होती. दोन मंजिऱ्या खुडल्या, एक पायरीवर वाहिली, दुसरी समाधीवर. मग समाधीला कपाळ टेकून एवढा वेळ थांबल्या की मागच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उठल्या तेव्हा कपाळाचा बुक्का पुसून गेला होता.

“माझ्या आज्जीनं फकस्त इथवरच पाह्यलं होतं,” त्या म्हणाल्या.

मी काय बोलणार? पोलिसांची शिट्टी वाजत होती, “चला माउली, पुढं चला.” मी तुळस उचलून माझ्या डोक्यावर घेतली आणि आम्ही गर्दीबरोबर नदीकडे निघालो.